पीटर आणि ससा : मनावरील उपचारांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताच्या लेखी परीक्षेत त्याला नेहमी चांगले गुण मिळत. पण फळ्यापाशी बोलावले की त्याचे हात थरथरू लागत. एकदा उदाहरण सोडविताना त्याच्या हातातून खडू पडला आणि सारा वर्ग हसला. दुसऱ्या आठवड्यापासून गणिताच्या तासाच्या आधी त्याचे पोट दुखू लागले. काही शिक्षक म्हणत, "ढोंग करतो आहे." मला तसे वाटत नसे. म्हणून मी त्याला घरी जाण्याची परवानगी देई. घर येईपर्यंत पोट दुखायचे थांबे. पुढे हे दुखणे सकाळी शाळेची घंटा होण्यापूर्वीच सुरू होऊ लागले, आणि दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही.

त्याला ढोंगी म्हणणाऱ्यांचे चुकत होते. पण त्याला रोज घरी पाठविणाऱ्या माझेही चुकतच होते. माझी चूक कोणती, हे समजण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल. वाटेत मनावरील उपचार म्हणजे काय, ते कोणकोणते असतात आणि ते खरोखर उपयोगी पडतात हे कसे ओळखतात, याचीही ओळख होईल.

पोट खरोखरच दुखते का?

प्रथम ढोंगाचा प्रश्न निकालात काढू. समोर साप दिसला तर आपले हृदय जोराने धडधडू लागते, श्वास जलद होतो, तळहातांना घाम येतो, तोंडाला कोरड पडते. आपल्या मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातून अॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते. पळावयास किंवा लढावयास स्नायूंना रक्त लागते. म्हणून ते तिकडे अधिक वळविले जाते आणि जठर व आतडी यांच्याकडे कमी जाते. अन्न पचविण्याचे काम मागे पडते. पोटात गोळा येतो, मळमळते, कळही येते.

साप समोर असताना ही व्यवस्था प्राण वाचविते. पण मेंदू फळ्यालाच साप समजू लागला, तर हीच व्यवस्था फळ्यासमोरही कामाला लागते. त्या मुलाचे पोट खरोखरच दुखत होते. मात्र त्याचे कारण पोटात नव्हते.

भीती शिकता येते

फळ्याची भीती घेऊन कोणी जन्माला येत नाही. मग ती येते कोठून?

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग तुम्ही वाचले असतील. अन्न देण्याच्या आधी ठरावीक आवाज पुन:पुन्हा ऐकविला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागते. दोन गोष्टींची अशी सांगड बसण्याला मानसशास्त्रात 'अभिसंधान' म्हणतात.

भीतीचीही अशी सांगड बसते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. हे मूल सुमारे नऊ महिन्यांचे असताना पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. ते अकरा महिन्यांचे झाल्यावर उंदीर जवळ आणताच त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करण्यात येऊ लागला. सात वेळा असे केल्यावर नुसता उंदीर पाहूनही मूल रडू लागले. इतकेच नव्हे, तर सशाला आणि लोकरीसारख्या केसाळ वस्तूंनाही ते भिऊ लागले. भीती दूर करण्याआधीच मूल तेथून निघून गेले.

आज असा प्रयोग करण्यास कोणीही परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. तान्ह्या मुलाला मुद्दाम भीती शिकवून ती तशीच सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय होता. पण या प्रयोगातून एक चांगला प्रश्न निघाला. भीती शिकता येत असेल, तर तिच्यापासून सुटकाही शिकता येईल काय?

मेरी कव्हर जोन्स यांचा प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने शोधले. त्या रोझली रेनर यांच्या महाविद्यालयातील मैत्रीण. नवी भीती निर्माण करण्याऐवजी ज्यांना आधीपासूनच भीती आहे अशी मुले त्यांनी निवडली. १९२४ साली त्यांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक पीटर या मुलाविषयी होता.

पीटर दोन वर्षे दहा महिन्यांचा होता. पांढरा उंदीर, ससा, केसाळ कोट, पीस, कापूस या सर्वांना तो भीत असे. लाकडी ठोकळ्यांशी मात्र तो मजेत खेळे. उपचारासाठी जोन्स यांनी ससा निवडला, कारण उंदरापेक्षाही सशाला तो अधिक भीत होता.

आरंभी सशाला न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर पीटरला खेळावयास सोडीत आणि त्या वेळी खोलीत ससा आणीत. ती मुले सशाशी खेळताना पाहून पीटरची भीती हळूहळू कमी होऊ लागली. पण याच सुमारास त्याला लोहितांग ज्वर आला. जवळजवळ दोन महिने तो उपचारांपासून दूर राहिला. रुग्णालयातून परत निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. पीटर भयंकर घाबरला, आणि पुन्हा प्रयोगशाळेत आला तेव्हा सशाची भीती पूर्वीइतकीच झाली होती.

आता जोन्स यांनी दुसरी युक्ती योजली. पीटरला उंच खुर्चीवर बसवून त्याच्या आवडीचा खाऊ देत. तो खाण्यात रमला की पिंजऱ्यातला ससा दूर ठेवीत आणि त्याचे खाणे थांबणार नाही इतपतच जवळ आणीत. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा जवळ. पीटरची प्रगती मोजण्यासाठी त्यांनी सतरा पायऱ्यांची यादी केली होती. तिच्यातील काही पायऱ्या पहा :

१) ससा पिंजऱ्यात, खोलीत कोठेही असला तरी भीती वाटते.
२) पिंजरा १२ फुटांवर असला तर चालतो.
३) पिंजरा ४ फुटांवर चालतो, मग ३ फुटांवर.
४) पिंजरा अगदी जवळ चालतो.
५) ससा खोलीत मोकळा सोडलेला चालतो.
६) बाईंनी धरलेल्या सशाला हात लावतो.
७) सशाला पिंजऱ्यात नेऊन ठेवण्यास मदत करतो.
८) सशाला मांडीवर घेतो.
९) सशाबरोबर खोलीत एकटा राहतो.
१०) सशाला आपली बोटे कुरतडू देतो.

पीटर शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचला. विशेष म्हणजे कापूस, कोट आणि पिसे यांची भीतीही त्याबरोबर गेली, जरी त्यांच्यासाठी निराळा उपचार केला नव्हता. भीती जशी एका वस्तूवरून दुसरीवर पसरते, तशी निर्भयताही पसरते.

जोन्स यांनी एक इशाराही दिला आहे. हे काम फार सावधपणे करावे लागते. ससा घाईने जवळ आणला तर उलटेच घडेल : सशाशी खाऊची सांगड बसण्याऐवजी खाऊशी सशाची सांगड बसेल आणि मूल खाऊलाच भिऊ लागेल!

कोणते उपाय फसले?

दुसऱ्या निबंधात जोन्स यांनी निरनिराळ्या उपायांची तुलना केली. तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची ७० मुले त्यांनी अभ्यासली होती. आपण घरी आणि शाळेत जे उपाय नेहमी करतो, त्यांतील बरेचसे या तुलनेत निरुपयोगी ठरले.

भीतीची वस्तू मुलाच्या नजरेआड ठेवून पाहिली. काही काळाने ती दिसताच भीती तशीच. समजावून सांगून पाहिले. सशाला भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या आतल्या मुलीला आठवडाभर रोज सशाच्या गोष्टी सांगितल्या. तिला त्या आवडल्या. पण खरा ससा दिसताच ती पूर्वीसारखीच घाबरली. भिणाऱ्या मुलांची टिंगल करणे हा तर सर्वांत वाईट उपाय ठरला. दोनच मार्ग निश्चितपणे उपयोगी पडले : आवडत्या गोष्टीच्या सोबतीने पायरीपायरीने ओळख, आणि न भिणाऱ्या मुलांचे अनुकरण.

अनुकरण मात्र दोन्ही बाजूंनी चालते. सशाला मुळीच न भिणारे एक लहान मूल सशाला पाहून रडणाऱ्या मुलीजवळ ठेवले, तेव्हा ते मूलही सशाला भिऊ लागले. पालीला पाहून घरातील मोठी माणसे ओरडली की लहान मुले का ओरडतात, हे यावरून समजते.

माझी चूक

आता आठवीतल्या त्या मुलाकडे वळू. समजा, त्याच्या भीतीचा आलेख काढला. तास जवळ येऊ लागतो तशी रेघ वर चढते. या क्षणी मी म्हणतो, "जा घरी." रेघ झटकन खाली येते. त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणे म्हणजे मेंदूला मिळालेले बक्षीसच असते. ज्या कृतीनंतर सुख वाटते किंवा दु:ख टळते, ती कृती पुन्हा करण्याकडे प्राणिमात्राचा कल असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जाण्याची ओढ आणखी वाढते. शिवाय "थांबलो असतो तर काय झाले असते?" हे त्याला कधीच कळत नाही. तो थांबला असता तर, पाऊस ओसरावा तशी ती रेघ थोड्या वेळाने आपोआप उतरली असती. मी दया म्हणून जे केले, त्याने भीतीला खतपाणी मिळत गेले.

मग त्याला जबरदस्तीने फळ्यासमोर उभे करावयास हवे होते काय? तसेही नाही. तो ससा पहिल्याच दिवशी मांडीवर ठेवण्याचा प्रकार झाला असता. जोर करणे आणि सोडून देणे यांच्या मधला मार्ग म्हणजे पायऱ्या.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मार्गाला मोठ्या माणसांसाठी शास्त्रीय रूप दिले. रुग्णाने आपल्या भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी शिडी तयार करावयाची, सर्व स्नायू सैल सोडावयास शिकावयाचे आणि मग एकेक पायरी चढावयाची. पीटरच्या खाऊची जागा येथे स्नायूंच्या शैथिल्याने घेतली. याला व यासारख्या पद्धतींना 'वर्तनोपचार' म्हणतात. वोल्पे यांनी मेरी कव्हर जोन्स यांना वर्तनोपचाराची जननी म्हटले आहे.

भीती पुसली जाते का?

पीटरची भीती एका कुत्र्यामुळे परत आली होती. असे का व्हावे? पाव्हलॉव्ह यांनाही असाच अनुभव आला होता. आवाजानंतर अन्न देणे बंद केले की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबे. पण काही काळ जाऊ दिल्यावर तोच आवाज ऐकविला, तर थोडी लाळ पुन्हा सुटे.

आजचे शास्त्रज्ञ यातून असे अनुमान काढतात, की जुनी सांगड फळ्यावरील अक्षरांसारखी पुसली जात नाही. तिच्याशेजारी "येथे धोका नाही" असा नवा धडा लिहिला जातो. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. धोक्याची सूचना देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागील मेंदूचा काही भाग त्या सूचनेला आवर घालतो. नवा धडा जितक्या निरनिराळ्या ठिकाणी आणि जितक्या वेळा गिरवावा, तितका हा आवर पक्का होतो. म्हणून उपचारानंतर भीती थोडी परत आली, तर उपचार फसला असे समजू नये. पाढा विसरला तर आपण तो पुन्हा म्हणतो, तसेच हे आहे.

विचारांवरील उपचार

मनाचे सर्वच त्रास सशाच्या भीतीसारखे नसतात. काही जणांना आठवडेच्या आठवडे उदास वाटते, कशात रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते. याला 'नैराश्य' हा आजार म्हणतात. एखाद्या दिवसाची नाराजी ती ही नव्हे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक (१९२१-२०२१) यांच्या असे लक्षात आले, की नैराश्याच्या रुग्णांच्या मनात काही विचार इतक्या झटकन येऊन जातात, की ते आले हेही त्यांना कळत नाही. "मी कुचकामी आहे", "माझे कधीच चांगले होणार नाही" असे ते विचार असतात. १९६० नंतरच्या दशकात बेक यांनी या विचारांची तपासणी करण्याची पद्धत बसविली. १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनीही याच दिशेने काम सुरू केले होते.

ही तपासणी विज्ञानाच्या तासाला आपण करतो तशीच असते. समजा, चाचणीत कमी गुण मिळाले आणि मनात आले, "मला काहीच येत नाही." हे विधान एक गृहीतक समजा. याच्या बाजूचा पुरावा कोणता? विरुद्ध पुरावा कोणता? "या धड्यातील दोन प्रकारची उदाहरणे मला येत नाहीत" हे विधान पुराव्याशी अधिक जुळते काय? पहिल्या विधानानंतर पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. दुसऱ्यानंतर ते उघडावेसे वाटते. विचार, भावना आणि कृती अशा एकमेकींशी बांधलेल्या असतात. एकीला हलविले की बाकीच्या हलतात. "नेहमी चांगलाच विचार करा" असा उपदेश मात्र हा नव्हे. विचार गोड आहे का, यापेक्षा तो खरा आहे का, हे येथे पाहतात.

फार लहान मुलांचे काय?

चार वर्षांच्या मुलाला "तुझ्या मनात कोणता विचार आला?" असे विचारून उपयोग नाही. त्याची भाषा खेळाची असते. बाहुल्या, माती, चित्रे यांच्याशी खेळताना ते आपली भीती आणि राग दाखविते. म्हणून लहान मुलांसाठी खेळातून उपचार करतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचा या विषयावरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला.

पण मूल उपचारकाकडे आठवड्यातून एखादा तास असते. उरलेला सारा वेळ घरी. पीटरची आईही त्याला ताब्यात ठेवण्यासाठी, आत ये, नाहीतर कोणी तुला पळवून नेईल, अशी भीती घालीत असे. आपल्याकडचा बागुलबुवा आणि झोळीवाला अमेरिकेतही होते म्हणावयाचे! खोलीत शिकलेला धडा घरी पुसला जाऊ नये, म्हणून आता लहान मुलांच्या बहुतेक उपचारांत आईवडिलांनाही शिकविले जाते.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. स्वमग्न मुलांना इतरांशी संवाद साधणे कठीण जाते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत अशा मुलांच्या पालकांसाठी एक प्रयोग झाला. पालक मुलाशी खेळतात त्याचे चित्रण करावयाचे आणि ते पालकांबरोबर बसून पाहावयाचे : मुलाने कोठे पाहिले? आपण त्याची वाट पाहिली की घाई केली? हे काम खास प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. या उपचारानंतर पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली.

सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

ज्या आईवर मुलाची सारी भिस्त, तीच नैराश्याने खचली असेल तर? पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गरोदरपणी नैराश्य असलेल्या सुमारे ९०० स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काही गावांत घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना विचारतपासणीचे साधे प्रशिक्षण दिले. इतर गावांतील आरोग्यसेविका तितक्याच वेळा भेटी देत, पण त्यांना हे प्रशिक्षण नव्हते. मूल सहा महिन्यांचे झाले तेव्हा प्रशिक्षित सेविकांच्या गावांतील २३ टक्के, तर इतर गावांतील ५३ टक्के आयांना नैराश्य होते. उपचार मिळालेल्या आयांच्या मुलांना अतिसार कमी झाला, लसी अधिक पूर्णपणे टोचल्या गेल्या आणि आईवडील त्यांच्याशी अधिक खेळू लागले. मुलांच्या वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही. शास्त्रीय अभ्यासात हेही सांगावे लागते.

कुटुंबाला सोबत घेण्याची कल्पना आपल्या देशातही जुनी आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहावयास बोलाविले. तोवर रुग्णाला आत सोडून कुटुंब निघून जात असे. आता ते त्याच्याजवळ राहू लागले, आजार समजून घेऊ लागले आणि बरे झालेल्या माणसाला घरी घेऊन जाऊ लागले.

जो माणूस आजारी मुलाची, आजीची किंवा भावाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करतो, त्याचीही झोप मोडते आणि चिडचिड होते. मग आपण चिडलो याचीच त्याला लाज वाटते. त्याला आठवड्यातून काही तास मोकळे मिळणे, आपल्यासारख्याच इतरांशी बोलावयास मिळणे आणि गरज वाटल्यास स्वतःसाठी सल्ला घेणे, हाही उपचाराचाच भाग होय.

गोव्यातील आरोग्यकेंद्रांत

आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने फार थोडी आहे. मग उपचार पोहोचावयाचे कसे? यासाठी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना आरोग्यकेंद्रातील नेहमीचे उपचार होते. एका गटाला त्याशिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. या कामाचे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती.

उपचारही साधाच होता. उदास माणूस घरात बसून राहतो. त्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि उदासी आणखी वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडावयाचे. "बरे वाटले की करीन" असे न म्हणता आधी लहानशी ठरविलेली कृती करावयाची : झाडांना पाणी घालणे, बहिणीकडे जाऊन येणे, सुटलेले काम अर्धा तास करणे. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांची.

दुसऱ्या गटाशी तुलना का आवश्यक, ते ध्यानात घ्या. ३९ टक्के लोक या भेटींवाचूनही सुधारले. एकच गट पाहिला असता, तर सर्व ६४ टक्क्यांचे श्रेय समुपदेशनाला दिले गेले असते. "अमक्याला अमक्या उपायाने गुण आला" असे कोणी सांगितले, की "ज्यांनी तो उपाय केला नाही त्यांचे काय झाले?" असे विचारावयास विसरू नका.

औषधे आणि मदत

काही आजारांत, उदाहरणार्थ नसलेले आवाज ऐकू येणे किंवा अतिउत्साह व अतिनैराश्य यांचे झटके येणे, यांत औषधे बहुधा आवश्यक असतात. तीव्र नैराश्यात औषधे आणि बोलण्यातून उपचार दोन्ही देतात. औषधे देण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, वर्तनातून व खेळातून उपचार करतात. मानसिक आजारावर शासकीय सेवांतून उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.

मैत्रीण किंवा मित्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, बोलेनासा झाला असेल, तर टिंगल करू नका आणि "काही नाही रे, सोडून दे" असेही म्हणू नका. ऐकून घ्या आणि विश्वासातल्या शिक्षकांना किंवा घरच्यांना सांगा. जगणे नकोसे झाले असे कोणी बोलले, तर "कोणाला सांगू नकोस" ही त्याची अट पाळावयाची नाही. त्याला एकटे न सोडता लगेच मोठ्या माणसाला बोलवा. ही चुगली नव्हे.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन आम्ही त्याच्यासाठी शिडी तयार केली. शिडीच्या पायऱ्या त्यानेच सांगितल्या. पहिला आठवडा फक्त ग्रंथालयात बसणे. मग शेवटच्या बाकावर. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, माझ्या एकट्यासमोर फळ्यावर एक उदाहरण. मग दोन मित्रांसमोर. मधल्या एका सोमवारी त्याचे पोट पुन्हा दुखले. त्या दिवशी मी त्याला घरी पाठविले नाही. पाणी दिले, शेजारी बसलो, आणि आम्ही घड्याळाकडे पाहत राहिलो. पंचवीस मिनिटांनी तो म्हणाला, "सर, कमी झालं." फेब्रुवारीत त्याने सर्व वर्गासमोर फळ्यावर समीकरण सोडविले. हात थरथरतच होते. पण उत्तर पूर्ण करून, त्याखाली रेघ ओढून तो जागेवर गेला. या वेळी वर्ग हसला नाही.

करून पहा

मनगटावरील नाडीचे एका मिनिटातील ठोके मोजा. वर्गासमोर कविता म्हणण्याच्या लगेच आधी, म्हणून झाल्यावर लगेच, आणि पुढे दर दोन मिनिटांनी पाच वेळा मोजा. आलेख काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तीच कविता म्हणून असेच आलेख काढा. तिन्ही आलेखांत कोणता फरक दिसतो?

विचार करा

१) पीटरला खाऊ दिला नसता आणि ससा नुसता जवळ आणला असता, तर काय झाले असते?
२) रावळपिंडीच्या अभ्यासात इतर गावांतही आरोग्यसेविका तितक्याच वेळा का पाठविल्या असाव्यात?
३) तुम्हाला वाटणारी एक लहानशी भीती निवडून तिच्या सहा पायऱ्या लिहा. पहिली पायरी उद्या जमेल इतकी सोपी ठेवा.